दुधाला माप, दाव्यांना का नाही?

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर रोज सकाळ-संध्याकाळ जे घडते, ते एक प्रकारचे न्यायदानच असते. किटलीतील दुधाचा नमुना यंत्रापुढे जातो; स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थ, म्हणजे गावच्या बोलीतले फॅट आणि एसएनएफ, यांचे आकडे उमटतात आणि त्या आकड्यांवरून भाव ठरतो. गाय कोणत्या मायेने सांभाळली, पहाटे किती वाजता धार काढली, याची तेथे विचारपूस होत नाही. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही त्या आवारातील मानाची पातळी. तिच्याखाली दशांशभर घसरण झाली, तरी पैसे कापले जातात. या निवाड्यावर अपील नाही, आणि तो देणारे यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न विचारण्याइतके बळ दोन गाईंच्या धन्यापाशी सहसा नसते.

याच दुधाची जागा घेऊ पाहणारी नवी पेये आता शहरी घरांत येऊ लागली आहेत. बदामाचे दूध, ओटचे दूध, सोयाबीनचे दूध अशी त्यांची नावे असून त्यांच्या देखण्या डब्यांवर ‘निसर्गस्नेही’, ‘पृथ्वीसाठी हितकर’, ‘स्वच्छ आहार’ अशी विशेषणे झळकतात. गाईच्या दुधाच्या तीन-चार पट, क्वचित त्याहून अधिक, किंमत मोजून ती घेतली जातात. घेणाऱ्यांत हौसेची मंडळी आहेत, तसेच दूध न पचणारे लोक आहेत आणि गोठ्यातील जनावरांचे हाल मनाला लागल्यामुळे दूध सोडलेलेही आहेत. शेवटच्या दोन गटांची चेष्टा करण्याची जी रीत दुग्धव्यवसायाच्या वकिलांनी पाडली आहे, ती शोभणारी नाही. दुधातील शर्करा अनेक प्रौढांना पचत नाही, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले सत्य आहे, आणि प्राण्यांविषयी करुणा हा या भूमीला परका विचार नव्हे. प्रश्न इतकाच आहे, की शेतकऱ्याच्या किटलीला जे माप लागते, त्या तोडीचे माप या डब्याला आणि त्याच्यावरील विशेषणांना का लागू नये?

आजवरचा वाद मात्र मापावर न होता नावावर झाला. वास्तविक पीठ कालवलेले पाणी दूध म्हणून पाजण्याची कथा महाभारताइतकी जुनी आहे. दरिद्री द्रोणाच्या मुलाला, अश्वत्थाम्याला, सवंगड्यांनी तसे पाणी पाजले आणि आपण दूध प्यालो या आनंदात तो पोर नाचू लागला. त्या कथेतील फसवणूक पिठात नव्हती, सांगण्यात होती. मराठी भाषेने ‘दूध’ हा शब्द कधी गाईम्हशींपुरता राखून ठेवलेला नाही. सोलकढीसाठी नारळाचे दूध काढणाऱ्या कोकणातील गृहिणीला कोणी खोटे ठरविले नाही, कारण ते दूध गाईच्या दुधाऐवजी तान्ह्या मुलाला पाजावे असे तिने कधी सांगितले नाही.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ च्या जूनमध्ये शुद्ध वनस्पतिजन्य पदार्थांना दूध, लोणी, चीज ही नावे लावता येणार नाहीत असा निर्णय दिला. भारतात २०२१ च्या मार्चमध्ये ‘अमूल’ने वृत्तपत्रांतून मोठी जाहिरात देऊन ही पेये दूध नव्हेत असे बजावले. तिच्याविरुद्ध पुण्याच्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेसह काही प्राणिमित्र संस्थांनी केलेल्या तक्रारी जाहिरात मानक परिषदेने फेटाळल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, दुधाशी संबंधित शब्द वापरणारी वनस्पतिजन्य पेये विक्रीच्या यादीतून काढून टाकण्यास ऑनलाइन बाजारपेठांना सांगितले. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला आवर घातला. २०२२ मध्ये ‘व्हेगन’ अन्नासाठी स्वतंत्र नियमावली व बोधचिन्ह आले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा सोयाबीनच्या पेयांवरील १२ टक्के आणि इतर वनस्पतिजन्य पेयांवरील १८ टक्के कर सरसकट ५ टक्क्यांवर आला. म्हणजे नाव काय द्यावे याविषयी भांडण झाले, चिन्ह ठरले, करही उतरला. परंतु अशा पेयाच्या लिटरभरात बदाम किंवा ओट किमान किती असावेत, प्रथिने किती असावीत, या मूळ प्रश्नाभोवती तेवढा गाजावाजा कधी झाला नाही.

तो होऊ शकतो, याचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. मुंबईच्या दूधपुरवठ्याची घडी बसविणाऱ्या दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि मलईविरहित दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दूध रूढ केले, तेव्हा तेही एका अर्थाने पातळ केलेले दूधच होते. परंतु त्याला स्वतंत्र नाव मिळाले आणि प्रमाण मिळाले. आज टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ असावे लागतात. त्यामुळे त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भुईमुगातील प्रथिनांची जोड देऊन ‘मिल्टोन’ नावाचे दूध तयार केले, तेही पोषणाच्या हेतूने. दूध अपुरे आणि मुले कुपोषित होती. तेव्हा त्यात किती प्रथिने येतात हाच त्या प्रयोगाचा पहिला प्रश्न होता. आजच्या डब्याबाबत मात्र तो शेवटी विचारला जातो.

तो विचारण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, असा नियम आहे. त्यामुळे बहुतेक डब्यांवर पहिला शब्द ‘पाणी’ हा असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गाईच्या दुधातही सुमारे ८७ टक्के पाणीच असते. खरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या शब्दापासून सुरू होते. ज्या पदार्थाचे नाव किंवा चित्र डब्यावर मिरवले जाते, त्याची टक्केवारी सांगणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. ती ३ टक्के असेल, तर लिटरभरात बदाम ३० ग्रॅम, म्हणजे पंचवीस-एक दाणे. बदामाचा भाव किलोला हजार रुपये धरला तरी ते तीस रुपयांचे होतात. उरलेली किंमत पाण्याची, डब्याची, वाहतुकीची, आणि डब्यावरील चित्रकाराची!

ओटच्या पेयाची गोष्ट वेगळी आहे. त्यात धान्याचा अंश बदामाहून पुष्कळ अधिक असतो. परंतु ते पातळ आणि गोडसर व्हावे म्हणून विकरे वापरून ओटमधील स्टार्च फोडला जातो आणि त्यातून माल्टोज ही शर्करा तयार होते. बाहेरून साखर घातलेली नसल्यामुळे ‘साखर घातलेली नाही’ हे वाक्य अक्षरशः खरे असते, आणि पोषणाच्या तक्त्यात शर्करेचा आकडाही असतो. मधुमेही वाचकाने वाक्यापेक्षा तक्त्यावर विश्वास ठेवावा. त्याखेरीज तेल, मीठ, लेसिथिन, गवार डिंक किंवा जेलन डिंक, कॅल्शियमचे क्षार ही नावे येतात. या नावांना घाबरण्याचे कारण नाही. गवारीचा डिंक आपल्याच राजस्थानातून जगभर जातो, लेसिथिन सोयाबीनमधूनच निघते. मान्य प्रमाणात ते वापरण्यास परवानगी आहे, आणि आइस्क्रीममधून ते बिनतक्रार खाणाऱ्याने येथे ‘रसायने, रसायने’ म्हणून ओरडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एक व्यावहारिक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. वरून घातलेले कॅल्शियम तळाशी बसते. डबा न हलविता ओतला, तर ते पुष्कळसे तेथेच राहते.

पोषणाचा तक्ता वाचला की या सर्व पेयांना एकाच रांगेत बसविणे किती चुकीचे आहे, ते उघड होते. गाईच्या १०० मिलीलिटर दुधात प्रथिने साधारण ३.३ ग्रॅम असतात. सोयाबीनच्या पेयात ती सुमारे ३ ग्रॅम, ओटच्या पेयात १ ग्रॅमच्या आसपास, तर बदामाच्या पेयात बहुधा अर्धा ग्रॅम. सोयाबीनचे पेय दुधाच्या जवळपास जाते, बदामाचे जात नाही. प्रौढ माणसाने चहात कोणतेही घालावे, त्याचे फारसे बिघडत नाही. परंतु वाढत्या वयाच्या मुलाच्या पेल्यात दुधाऐवजी बदामाचे पेय ओतून पालक निश्चिंत झाले, तर तेथे अश्वत्थाम्याची कथा पुन्हा घडते. फरक इतकाच, की या वेळी पाणी बरेच महाग असते. वर्षाच्या आतील बालकाला तर ही पेये मुख्य आहार म्हणून देऊच नयेत.

मात्र नैतिक उंचीवरून बोलण्याचा अधिकार दुग्धव्यवसायालाही आपोआप मिळत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. लोकांच्या मनात भेसळीची जी भीती आहे तिच्या मानाने निष्कर्ष दिलासा देणारे होते. आरोग्यास घातक भेसळ केवळ १२ नमुन्यांत आढळली. परंतु ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा अधिक निघाले. ते कोणी मिसळत नाही. बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून ते गाईच्या पोटात व तेथून दुधात उतरते. संकलन केंद्रावरील फॅटचे यंत्र ते दाखवीत नाही. ‘ए-टू’ दुधाचे उदाहरणही ताजे आहे. देशी गाईच्या या दुधाला चढा भाव मिळवून देणारे दावे डब्यांवरून काढून टाकावेत, असे प्राधिकरणाने २०२४ च्या २१ ऑगस्टला फर्मावले आणि पाचच दिवसांत ते फर्मान मागे घेतले. दाव्यांची परीक्षा घेणारेच इतके डळमळीत असतील, तर बदामवाल्याने तरी कोणाचा धाक बाळगावा?

यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न पर्यावरणविषयक दाव्यांचा आहे. पूअर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवरून केलेले गणित २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि बहुतेक जाहिरातींचे मूळ तेथे सापडते. त्यानुसार लिटरभर दुधामागे ३.२ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू सुटतात आणि ६२८ लिटर पाणी लागते. बदामाच्या पेयासाठी हेच आकडे ०.७ किलो व ३७१ लिटर, ओटसाठी ०.९ किलो व ४८ लिटर, आणि सोयाबीनसाठी १ किलो व २८ लिटर असे आहेत. दर लिटरला पाहिले, तर गाय सर्वत्र हरते. तिच्या रवंथातून निघणारा मिथेन वायू हे त्याचे मोठे कारण आहे, आणि ते नाकारून दुग्धव्यवसायाचे हित साधणार नाही.

परंतु लिटर हे येथे योग्य माप आहे काय? संकलन केंद्रावरचा शेतकरी नुसत्या लिटरवर दूध विकू शकत नाही. त्यात काय आहे ते त्याला दाखवावे लागते. तोच न्याय येथे लावून १० ग्रॅम प्रथिनांसाठी हिशेब केला, तर दुधाचा भार सुमारे १ किलो होतो, ओटचा ०.९ किलो आणि सोयाबीनचा एक तृतीयांश किलो. बदामाचा मात्र १.४ किलोवर जातो. पाण्याच्या हिशेबात दूध १९० लिटर, सोयाबीन ९ लिटर, ओट ४८ लिटर, तर बदाम ७४० लिटर! तेवढ्या प्रथिनांसाठी बदामाचे पेय दोन लिटर प्यावे लागेल, आणि कोणी शहाणा माणूस तसे करणार नाही हे खरे. पण ‘दुधाचा पर्याय’ म्हणून जे विकले जाते, त्याची तुलना दूध जे देते त्याच्याशीच व्हावयास हवी. जगातील सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियातून येतात. तेथील बागा कालव्यांच्या व भूगर्भातील पाण्यावर जगतात, आणि त्या बदामांचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक भारत आहे. सर्व वनस्पतिजन्य पेयांना मिळून एकच हिरवे प्रशस्तिपत्र देण्याची प्रथा या आकडेवारीपुढे टिकत नाही. सोयाबीनला ते शोभते, बदामाला नाही.

तुलनेतील लबाडीवर बोट ठेवण्याचे काम ब्रिटनमधील जाहिरात नियामकाने २०२२ च्या जानेवारीत केले. ‘ओटली’ या स्वीडिश कंपनीने आपले पेय दुधापेक्षा ७३ टक्के कमी हरितगृह वायू सोडते, असे म्हटले होते. हा आकडा तिच्या एकाच प्रकारच्या पेयाची पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाशी केलेल्या तुलनेतून आला होता; वाचणाऱ्याला मात्र तो सर्व मालाला लागू आहे असे वाटे. दुसऱ्या जाहिरातीत दूध व मांस व्यवसायाची तुलना जगातील विमाने, रेल्वे, मोटारी व जहाजे यांच्याशी होती. एका बाजूला चाऱ्याच्या शेतापासूनचा सगळा हिशेब, आणि दुसऱ्या बाजूला केवळ वाहने चालताना निघणारा धूर. एका पारड्यात पोत्यासकट धान्य आणि दुसऱ्यात निवडलेले तांदूळ ठेवण्याचा हा प्रकार होता. नियामकाने त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरविल्या.

जागतिक सरासरीचा आणखी एक दोष बारामती-इंदापुरात उभे राहून पाहिल्यावरच कळतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाचा पाऊस ५०० मिलीमीटरच्या आसपास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याने आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने काही पट्टे बागायती केले. उरलेली गावे जिरायतीच राहिली. या दोन भागांतील गाय एकच नव्हे. जिरायती गावातील गाय ज्वारीचा कडबा खाते. ती ज्वारी मुख्यतः पावसाच्या ओलीवर आलेली असते आणि कडबा हा धान्याबरोबर मिळणारा भाग असतो. कालव्याकाठची गाय लसूणघास, हत्तीगवत आणि मक्याचा मुरघास खाते. तो चारा सोडलेल्या किंवा उपसलेल्या पाण्यावर वाढतो. तोडणीच्या हंगामात दोघींपुढे उसाचे वाढे येते. त्या वाढ्यात मुरलेले पाणी उसाच्या खाती मांडावे की दुधाच्या? वाढे उसाचा टाकाऊ भाग मानले तर दूध स्वस्तात सुटते. ते मोलाचे मानले तर दुधावर भार चढतो. दोन प्रामाणिक हिशेबनीसांची उत्तरे येथे निराळी येऊ शकतात. ६२८ लिटर हा आकडा या गाईंपैकी कोणाचाच नाही.

शहरातील ग्राहकाने उद्या दूध टाकून ओटचे पेय धरले, तर येथील पाणी वाचेल, असे गृहीत धरणेही भाबडेपणाचे आहे. घासाचा वाफा मोडला, तर कालव्याकाठी त्या जागी बहुधा ऊसच लागेल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे साखर कारखाने जवळ असताना शेतकऱ्याने दुसरे काय लावावे? ऊस वर्षभर पाणी पितो आणि उसाचे पैसे हप्त्यांनी येतात. दुधाचे पैसे आठवड्याला किंवा दहा दिवसांनी हातात पडतात, त्यावर किराणा आणि शाळेची फी भागते. गाय गेली, तर पाणी पुढच्या जिरायती गावाला मिळणार नाही, आणि त्या गावात तर गाईखेरीज नगद उत्पन्नाचे साधनही फारसे नाही.

याचा अर्थ येथील गोठे निर्दोष आहेत असा नव्हे. संकरित गाय अधिक दूध देते, म्हणून तिच्या लिटरमागे पडणारा मिथेनचा भार कमी असतो, हे खरे. परंतु तिला झालेल्या गोऱ्ह्याचे काय होते, या प्रश्नावर दुग्धव्यवसाय मौन पाळतो. ट्रॅक्टरने बैलांची गरज संपविली. २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी पूर्णत्वाने लागू आहे. आणि होल्स्टिन जातीच्या गोऱ्ह्याला औतासाठीही मागणी नसते. त्याला पोसणे दोन गाईंच्या मालकाला परवडत नाही. प्राणिमित्र जेव्हा दुधाला अहिंसक म्हणण्यास नकार देतात, तेव्हा ते या मुक्या गोऱ्ह्याविषयी बोलत असतात. कालवडीच अधिक व्हाव्यात म्हणून लिंगनिर्धारित वीर्यमात्रांचा वापर सुरू झाला आहे. तो वाढला तर हा प्रश्न काही अंशी सुटेल.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पर्यावरणविषयक भ्रामक दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ अशी मोघम विशेषणे पुरेशा खुलाशाविना वापरू नयेत, आणि तुलना करावयाची तर पडताळता येईल अशा माहितीवर करावी, असे ती सांगतात. ती बदामाच्या डब्याला लागू आहेत, तशीच ‘गोठ्यातून थेट’ म्हणून हिरव्या कुरणाचे चित्र छापणाऱ्या दुधाच्या पिशवीलाही लागू असली पाहिजेत. चित्रातील ते कुरण इंदापूर तालुक्यात शोधून सापडणार नाही.

मापाची साधने दूर नाहीत. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, शेजारी शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. बारामतीत चीज बनविणारा श्रायबर डायनॅमिक्सचा कारखाना आहे, आणि इंदापुरात सोनाईसारखी मोठी डेअरी आहे. दुधाचा लिटर येथे किती पावसाचे आणि किती कालव्याचे पाणी पितो, कडब्यावर किती आणि मुरघासावर किती, हे मोजण्यासाठी याहून सोयीची जागा देशात थोडीच असेल. तसे आकडे हाती आले, तर ‘ओटली’च्या आकड्याला उत्तर देता येईल; किंवा तो मान्य करून चारा बदलता येईल.

चारा बदलण्याचा खर्च मात्र कोणी सोसावा, हे आधी ठरले पाहिजे. २०२३ च्या जुलैत शासनाने ३.५ व ८.५ प्रतीच्या गाईच्या दुधाला लिटरला ३४ रुपये भाव जाहीर केला. वर्ष संपण्यापूर्वीच तो कागदावर राहिला आणि २०२४ च्या जानेवारीत २७ रुपये भाव व ५ रुपये अनुदान असा मार्ग काढावा लागला. वनस्पतिजन्य पेये बाजारात मूठभर असताना ही घसरण झाली, तेव्हा तिचे खापर त्यांच्या माथी फोडता येत नाही. सोयाबीनची कथाही निराळी नाही. २०२४-२५ साठी त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांनी त्याहून कमी भावाने माल विकला. लिटरभर सोयापेयाला सोयाबीन साधारण शंभर ग्रॅम लागते. हमीभावाने त्याची किंमत पाच रुपयेही होत नाही.